धार आटली की इंजिन बंद : होडीच्या जुन्या इंजिनाचा इंपेलर बदलताना



होडी चालवणाऱ्या गटांकडून गेल्या महिन्यात एकच प्रश्न दोन-तीनदा आला. जुनं इंजिन दोरी ओढली की सुरू होतं, दहा-पंधरा मिनिटं बरं चालतं, मग त्याचा जोर जातो आणि ते बंद पडतं. थोडा वेळ थांबलं की परत सुरू होतं. मिस्त्री म्हणतो, इंजिन संपलं, नवीन घ्या. तर ताई, गटाने नवीन इंजिनासाठी कर्ज काढावं का?

आज तरी काढू नका. आधी त्या इंजिनाच्या पायात बसवलेला एक रबराचा तुकडा बघा. तळहातावर मावतो, लहान इंजिनाचा असेल तर काहीशे रुपयांत मिळतो. त्याचं नाव इंपेलर. पन्नास-साठ हजारांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं की हा तुकडा बदलायचा, हे तो बघितल्यावर ठरवू.

ज्यांनी असं इंजिन जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं ते आऊटबोर्ड इंजिन. वर टोपीखाली त्याचं डोकं, म्हणजे जिथे पेट्रोल जळतं तो भाग. मध्ये लांब पाय. खाली पाण्यात गिअर आणि पंखा. हा पंखा होडी ढकलतो. इंपेलर म्हणजे हा पंखा नव्हे, तो आत लपलेला असतो, बाहेरून दिसत नाही. अमेरिकेत मिलवॉकी नावाच्या शहरात ओली एव्हिनरूड या कारागिराने 1909 साली अशी इंजिनं विकायला सुरुवात केली. यंत्र त्याचं, पण धंद्याचा व्यवहार आणि जाहिरात सांभाळली ती त्याच्या बायकोने, बेसने. तेव्हा "हे बाईमाणसाचं काम नव्हे" असं कोणी म्हणालं तर त्याला ही बेस सांगा.

आता इंपेलर करतो काय? इंजिनाच्या डोक्यात आग असते. ते थंड ठेवायला मोटारीत रेडिएटर असतो, इथे नाही. इथे खाडीचंच पाणी वर चढवून डोक्याभोवती फिरवायचं आणि परत खाडीत सोडायचं. ते पाणी वर चढवणारा पंप म्हणजे हा इंपेलर. मधे कडक गाभा आणि भोवती रबराच्या पाकळ्या, बहुतेक वेळा सहा. तो एका वाटीत बसतो. गंमत अशी, की वाटीच्या बरोबर मधोमध तो नसतो, जरा एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे फिरताना एका बाजूला पाकळ्या पसरतात, दुसऱ्या बाजूला दबून वाकतात. नदीत आंघोळ करताना मूठ पाण्यात उघडायची आणि चटकन आवळायची, की चिळकांडी उडते, हा खेळ आपण सगळ्यांनीच केलाय. तसंच इथे. पाकळ्या पसरल्या की पाणी आत ओढलं जातं, दबल्या की वर ढकललं जातं. इंजिन फिरतंय तोवर ही मूठ मिनिटाला हजारो वेळा उघडझाप करते.

रबराला वंगण कशाचं? त्या पाण्याचंच. म्हणून पाण्याबाहेर इंजिन सुरू करायचं नाही. एकदाही नाही, "जरा बघतो लागतं का" म्हणूनही नाही. कोरड्या वाटीत रबर घासून तापतं आणि थोड्याच वेळात पाकळ्या जळतात. किनाऱ्यावर उभं केलेलं इंजिन दोरी ओढून गुरगुरवून दाखवायची हौस काही पुरुषमंडळींना फार असते. आमच्या गटात त्यावर ठराव आहे, आणि तो घरच्या माणसांनाही लागू आहे.

पाणी वर पोचतंय की नाही हे कळण्यासाठी इंजिनाच्या मागे किंवा बाजूला एक बारीक भोक असतं. त्यातून पाण्याची धार पडत राहते. खलाशी त्या धारेला जे म्हणतात ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही, तुम्हाला माहीत आहे. आपण धारच म्हणू. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी. होडी सोडताना सुकाणूवरच्या बाईने मागे वळून आधी धार बघायची, मग प्रवाशांकडे बघून हसायचं. सुरू झाल्यावर थोड्याच सेकंदांत धार यायला हवी. अर्धं मिनिट झालं आणि थेंब नाही, तर इंजिन बंद.

इंपेलर म्हातारा झाला की लक्षणं हळूहळू दिसतात. धार बारीक होते. वेग वाढवला की येते, हळू चालवलं की आटते. हात लावून बघाल तर पाणी चटका देणारं, कधी नुसती वाफ. गरम रंगाचा वास येतो. मग इंजिनाचा जोर जातो आणि ते थांबतं. थंड झाल्यावर परत सुरू होतं म्हणून आपल्याला वाटतं, चला, ठीक झालं. ठीक काही झालेलं नसतं. अशा दोन-चार वेळा तापण्यात आतला पिस्टन सिलिंडरला घासून अडकतो, आणि त्या दिवशी मिस्त्रीचं म्हणणं खरं होतं.

आमची होडी कर्लीच्या खाडीत चालते. वरच्या अंगाला कांदळवनाचा गाळ, खाली देवबागच्या मुखाशी वाळू. उथळ पाण्यात पंख्याने ढवळलेली वाळू पंप ओढून घेतो, आणि पाट्यावर वाटल्यासारखं ती रबर आणि वाटी दोन्ही घासत जाते. म्हणून गोड्या खोल पाण्यात जो इंपेलर जास्त टिकेल, तो आपल्याकडे लवकर जातो. दुसरं, आपली इंजिनं पावसाळ्यात महिनोन्महिने वर ओढून ठेवलेली असतात. तेवढे दिवस पाकळ्या एकाच जागी वाकून बसतात. रबराला तीच सवय लागते, कडक पडतं, बारीक चिरा जातात. म्हणजे न चालवलेलं इंजिनसुद्धा इंपेलर खातं.

आणि मुखाशी इंजिन बंद पडणं काय असतं ते खाडीकाठच्यांना सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या सुकतीला पाणी समुद्राकडे असं धावतं की दोन वल्ह्यांनी होडी धरता येत नाही. अंगावर लाइफ जॅकेट आहेत, बंदर खात्याचा परवाना आहे, सगळं आहे, पण आठ पाहुणे आणि त्यांची मुलं घेऊन तुम्ही वाहताय. धार थांबलेली दिसली की आधी नांगर टाका, मग इंजिन बंद करा. उलट क्रमाने नको. तापलेल्या डोक्यावर बालदीभर पाणीही ओतू नका, गरम धातू तडकतो. त्याला त्याच्या वेळाने थंड होऊ द्या.

नांगरावर असतानाच दोन गोष्टी तपासता येतात, त्यांना हत्यार लागत नाही. इंजिन वर उचला आणि पायाच्या खालच्या बाजूला, पंख्याच्या वरच्या अंगाला जाळी असते ती बघा. प्लास्टिकची पिशवी तिला चिकटली असेल तर सगळा दोष तिचा. पिशवी काढली की काम झालं. जाळी साफ असेल तर धारेचं भोक बघा. त्यात मीठ साचतं, आणि वर ठेवलेल्या इंजिनात कुंभारमाशी मातीचं घरही करते. पातळ तार हलकेच फिरवा. एवढं करूनही धार नसेल तर वल्ही मारत किंवा दुसऱ्या होडीला दोरी देऊन घरी या. इंपेलर किनाऱ्यावरच बदलायचा असतो.

आता बदलण्याकडे येऊ. किट आधी आणा, मग उघडा. इंजिन अडकवायच्या पकडीवर एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर मॉडेल आणि नंबर असतो. त्याचा फोटो घेऊन दुकानात जा. किटमध्ये इंपेलर, पॅकिंग, चावी आणि लहानसहान रिंगा असतात, कधी वाटी आणि खालची पातळ तबकडीही असते. जुन्या इंजिनाला थोडे पैसे जास्त गेले तरी वाटीसकटचंच घ्या असं माझं मत आहे. नुसता इंपेलर बदलून ओरखडे पडलेल्या वाटीत बसवला, तर नवाही लवकर संपतो. रबर दाबून बघा, मऊ आणि लवचीक हवं. दुकानाच्या काचेत उन्हात वर्षानुवर्षं टांगलेलं घेऊ नका.

वाळूवर बसून हे काम करू नका. पडवीत करा. जुनी पांढरी साडी अंथरा, बोल्टांसाठी एक परात घ्या. जे सुटेल ते सुटलेल्या क्रमाने साडीवर मांडत जायचं आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढायचा. इंजिन एखाद्या भक्कम फळीला उभं अडकवा. सर्वात आधी प्लगवरच्या टोप्या काढा, म्हणजे चुकून दोरी ओढली गेली तरी पंखा फिरून बोटं जाणार नाहीत. ही पायरी गाळून कोणी पुढे गेली तर तिला उठवा.

खालचा पाय मधल्या भागाला बोल्टांनी धरलेला असतो. कुठे दोन, कुठे चार-पाच, मॉडेलप्रमाणे. काही इंजिनांत एखादा बोल्ट पंख्यावरच्या लहान जस्ताच्या पट्टीखाली दडलेला असतो. सगळे सुटल्याशिवाय ओढाओढ नको. शिवाय गिअरची एक बारीक सळी वरून खाली येते, तिचा जोड सोडावा लागतो. काही इंजिनांत पायाच्या बाजूचं रबरी बूच काढलं की तो जोड दिसतो. सोडण्याआधी त्याचा फोटो हवाच, कारण परत जोडताना तो किती आटे आत होता हे आठवत नाही.

खरी मेहनत इथेच आहे. खाऱ्या पाण्यात बोल्ट असे धरून बसतात की वाटतं वितळून एक झालेत. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या, मग बरोबर मापाच्या पान्याने अर्धा वेढा सोडा, परत आवळा, परत सोडा. न हलल्यास भोवतीच्या भागावर उकळतं पाणी ओता. पायाचा धातू अॅल्युमिनियमचा, तो स्टीलच्या बोल्टपेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि पकड ढिली होते. लांब पाइप लावून जोर काढू नका. बोल्टचं डोकं तुटलं, तर पुढचं काम वर्कशॉपचं. तिथे थांबा, तुटलेल्यावर छिन्नी चालवू नका.

बोल्ट सुटले की एकीने खालून पाय धरायचा, दुसरीने सांध्यावर लाकडाने ठोकायचं. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, तिथला काठ मोडला की पाणी झिरपतं. पाय सरळ खाली येतो आणि त्यातून एक लांब उभा दांडा वर आलेला दिसतो. त्याच दांड्याच्या तळाशी पंपाचं घर आहे. त्याचे तीन-चार बोल्ट काढून घर दांड्यावरून वर सरकवा. इंपेलर घरात अडकून येईल नाहीतर दांड्यावर राहील. राहिला तर दोन बाजूंनी सारखा जोर देत वर घ्या. त्याच क्षणी दांड्याच्या खाचेतून एक इवलासा धातूचा तुकडा पडेल. हीच चावी. दांडा आणि इंपेलर एकत्र फिरतात ते हिच्यामुळे. ती हरवली तर नवा इंपेलर नुसता बसून राहील आणि दांडा आत एकटाच फिरेल. परात कशाला आणली होती, ते आता कळेल.

जुना इंपेलर हातात घेऊन पाकळ्या मोजा. सहाच्या सहा असतील तर बरं. पाच निघाल्या, तर सहावी कुठे आहे? इंजिनातच आहे. घाईघाईने नवा बसवून मोकळे होणारे इथे फसतात. तुटलेलं रबर वर जाणाऱ्या पाण्याच्या नळीत किंवा त्याच्या पुढच्या वाटेत अडकतं आणि नवा पंप चांगला असूनही धार येत नाही. नळीत वरून खाली, म्हणजे उलट्या दिशेने, पाण्याचा पाइप लावा. तुकडे निघतील ते साडीवर जोडून पाकळी पुरी झाली का बघा. पुरी होत नसेल तर वरचा थर्मोस्टॅट उघडून बघावा लागेल. पहिल्या खेपेला ते मिस्त्रीकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा.

वाटीच्या आतून नख फिरवा. नख अडकेल इतका खोल ओरखडा असला तर वाटी बदलायची. तबकडीचंही तसंच. जुन्या पॅकिंगची राहिलेली खपली सुरीने नाही, बांबूच्या चिपेने खरवडा. सुरीने काठावर चरे पडतात.

बसवायचा क्रम उलटा. नवं पॅकिंग, तबकडी, खाचेत चावी, आणि ती पडू नये म्हणून बोटभर ग्रीसचा ठिपका. इंपेलरची खाच चावीवर धरून तो खाली सरकवा. वाटीत आतून साबणाचं पाणी लावा, म्हणजे पहिल्या फेऱ्या कोरड्या जाणार नाहीत. आता घर वरून खाली आणताना उभा दांडा हळूहळू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत राहा, पाकळ्या आपोआप वळून आत बसतात. बहुतेक इंजिनांत दिशा हीच असते, तरी जुन्या पाकळ्या कुठे झुकल्या होत्या तो फोटो उघडून खात्री करा. एकदा बसल्यावर दांडा उलटा फिरवायचा नाही. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा.

पाय परत वर चढवणं हे एकीचं काम नाही. तीन गोष्टी एकदम जुळायला लागतात : दांड्याचे दाते वर इंजिनात, पाण्याची नळी पंपाच्या भोकात, आणि गिअरची सळी तिच्या जागी. दात्यांच्या बाजूंना ग्रीस लावा, टोकावर नको. टोकावर साचलेलं ग्रीस दांड्याला पूर्ण वर जाऊ देत नाही. आमच्याकडे एक काकी खालून उचलते, एक मोबाइलच्या उजेडात नळी बघते, तिसरी वरून फ्लायव्हील किंचित फिरवून दाते जुळवते. बोटभर फट राहिली तर बोल्टांनी ओढून मिटवू नका, काहीतरी चुकीच्या जागी टेकलंय. खाली घ्या, परत लावा. नळी बाहेर राहून पाय बसला तर सगळी मेहनत फुकट, पंप पाणी पायातच सांडत राहील. बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लावून आवळा, पुढच्या वर्षी स्वतःलाच दुवा द्याल. मग प्लगच्या टोप्या अजून काढलेल्याच ठेवून गिअर पुढे, मधे, मागे टाकून बघा आणि पंखा हाताने फिरवून बघा.

शेवटी पिंप. मोठ्या पिंपात इंजिन असं अडकवा की पंख्यावरची आडवी पट्टी पाण्याखाली बुडेल. टोप्या लावा, गिअर मधे ठेवा, मुलांना लांब करा आणि दोरी ओढा. पहिले काही सेकंद घसा कोरडा पडतो, तेवढं चालायचंच. मग थुंकल्यासारखं पाणी येतं, हवा फुसफुसते आणि धार लागते. पाच मिनिटं चालवा, धारेला हात लावत राहा. कोमट चालेल, चटका बसायला नको.

पिंप विकत घेतलंच आहे तर ते रोज वापरा. संध्याकाळी होडी लागली की पाच-दहा मिनिटं गोड्या पाण्यात इंजिन फिरवलं तर आतलं मीठ आणि वाळू निघून जाते. ज्या वाडीत मेमध्ये पिण्याच्या पाण्याचे हाल असतात तिथे एकच पिंपभर पाणी दोन-तीन दिवस पुरवून वापरा.

आमच्या गटाने नियम केला आहे : दर वर्षी हंगाम सुरू होण्याआधी उघडून बघायचा, आणि दोन हंगामांवर एक इंपेलर चालवायचा नाही, दिसायला कितीही चांगला असला तरी. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात हे काम होतं, आणि हिशोबाच्या वहीत इंजिनासाठी वेगळं पान आहे. कोणत्या तारखेला बदलला, किती पाकळ्या निघाल्या, वाटी कशी होती, किती रुपये लागले. नवा घेतला की एक जादा किट घ्यायचं आणि जाड पिशवीत बांधून पेट्रोलपासून लांब, अंधाऱ्या जागी ठेवायचं. गिअर ऑइलमध्ये पाणी दिसलं, म्हणजे ते दुधाळ झालं, तर मात्र सील गेलंय. ते मिस्त्रीदादांचं काम, त्यांना बोलवा.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा एक गट वल्ह्यांच्या होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतो. त्यांना इंपेलरची चिंता नाही, आणि पक्षीही उडत नाहीत. पुढच्या मंगळवारी त्याच विषयावर बोलू : कुठल्या खाडीत इंजिन हवं आणि कुठे वल्हीच बरी. ज्या गटांनी इंजिन उघडायचं ठरवलंय त्यांनी मॉडेलच्या पट्टीचा फोटो केंद्रावर पाठवून ठेवा, कुठलं किट लागेल ते आपण मिळून बघू.